छबूबाईंची बसायची बाग

"दिल्लीतल्या समद्या बागा बघितल्याबिगर शेळगावात पाय ठिवायची न्हाय!" छबूबाईंनी भर ग्रामसभेत जाहीर केलं आणि खाली बसल्या. शेजारी त्यांचे यजमान सोपानराव होते. आपल्यालाही जावं लागणार, हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं.

भांडण गावातल्या मोकळ्या जागेवरून पेटलं होतं. पुरुषांना तिथं दुकानांचे गाळे हवे होते, छबूबाईंना बाग. सरपंच बापूसाहेब म्हणाले, "घरोघरी पेरूच्या बागा हायत की! आनखी कशाला?"

"तितं आमी राबतो, बापूसाहेब. मला बसायची बाग पायजे!"

"तसली बाग कुणी बघितलीया का हितं?"

कुणीच बघितली नव्हती. म्हणून दिल्ली! तिथं सोपानरावांचा भाचा दीपक नोकरीला होता. तो सकाळी कामावर गेला आणि छबूबाई सोपानरावांना ओढतच रस्त्यावर आल्या. रिक्षावाल्याला म्हणाल्या, "भैया, बाग देखनेका हाय. बडा! एकदम बडा!"

"बाघ? बैठिए माताजी!"

रिक्षा थांबली. मोठं फाटक, दाट झाडी आणि पाटीवर शेवटचा शब्द 'उद्यान'. "प्राणी उद्यान म्हणत्यात. जनावरं पण ठिवल्याती वाटतं," सोपानराव म्हणाले.

"ठिवू द्यात. तुमी बाकडं बघा!"

छबूबाईंनी कुठल्याच पिंजऱ्याकडं मान वळवली नाही. पाणघोडा बिचारा जबडा वासून बघत राहिला! त्या वितीनं बाकडं मोजत होत्या, सोपानराव कठडे हलवून त्यांची मजबुती तपासत होते. वाघाच्या कठड्याला त्यांनी असा काही हिसका दिला, की पहारेकरी शिट्टी फुंकत धावला आणि दोघांना थेट साहेबांपुढं उभं केलं.

"कठघरा क्यों हिला रहे थे?"

"हमारे गाव में बाग करने का हाय, साहेब," छबूबाई ठामपणे म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा काढला. "गाँव में बाघ?"

"व्हय! एकच, लेकिन बडा!"

"पिंजरे में रखोगे?"

"छ्या! पिंजरा कशाला? खुल्ला! बारकी पोरं अंदर खेलेंगी. म्हाताऱ्या बायका शाम को बाजू में बैठके गप्पा मारेंगी."

साहेब खुर्चीतून अर्धवट उठले. "और खाना?"

"डबा घर से लायेंगे. समदे मिलके खायेंगे!"

आपणही काही बोलावं असं सोपानरावांना वाटलं. "पहले बायका लोग को छोडेंगे," ते म्हणाले, "जागा बची तो पुरुष लोग को!"

साहेब घटाघटा पाणी प्यायले आणि सोपानरावांकडून नंबर घेऊन त्यांनी दीपकला फोन लावला. "आपकी मामी गाँव में बाघ पालना चाहती हैं!"

"बाघ नहीं सर, बाग! बगीचा!" दीपक तिकडून ओरडला.

मग साहेब असे हसले की टेबलावरचा पेला लवंडला! त्यांनी चहा पाजला आणि पहारेकऱ्याला सोबत देऊन दोघांना जवळच्या खऱ्या बागेत धाडलं.

तिथं हिरवळ होती, गर्द सावली होती, फुलांचे ताटवे होते. पण छबूबाई थबकल्या त्या एका झाडाखाली. तिथं एक बाई उशाला पिशवी घेऊन गवतावर गाढ झोपली होती. येणारेजाणारे बाजूनं जात होते.

"अवं, दिवसाढवळ्या झोपलीया!" छबूबाई हळूच म्हणाल्या. "आन् कुणी काय म्हणंना!"

बाकड्यांची मापं त्या विसरूनच गेल्या. आणखी दोन दिवस त्यांनी दिल्लीतल्या बागा पायाखाली घातल्या, पण ग्रामसभेत सांगितलं ते त्या झोपलेल्या बाईबद्दलच. मागं बसलेल्या बायकांमध्ये आधी खसखस पिकली, मग त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. मग एकेक करत सगळ्यांचे हात वर आले. गाळे गेले, बाग झाली!

उद्घाटनाच्या संध्याकाळी छबूबाई मैत्रिणींना घेऊन ऐटीत बागेत शिरल्या. बघतात तर काय! एकूण एक बाकड्यावर पुरुष! कुठं पत्ते, कुठं तंबाखू, कुठं उसाच्या तोडणीची चर्चा.

"जरा सरका की, बापूसाहेब."

"बसा की तितं गवतावर, छबूबाई! दिल्लीला बसत्यातच की!"

छबूबाईंनी कोपऱ्यातला पाण्याचा पाइप उचलला, नळ सोडला आणि म्हणाल्या, "झाडं नवीन हायत. पाणी घालायला पायजे."

बाकडी बघता बघता मोकळी झाली. सगळ्यात आधी भिजले ते सोपानराव. बिचाऱ्यांच्या हातात तेव्हा तीन एक्के होते!