आजींची नळी

आजींची गाडी वळणावर तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा मागच्या ट्रकवाल्याने जोरात हॉर्न दिला. आजींनी खिडकीतून मान काढून त्याच्याकडे असं काही बघितलं, की बिचारा आरशात बघून स्वतःचे केस सारखे करायला लागला. ट्रकवाला गप्प झाला, पण गाडी काही चालेना. घरघर, खोकला, एक गचका, की बंद.

बावीस वर्षांची गाडी. आजींचे यजमान गेले, त्यांची खुर्ची मोडली, छत्री हरवली, गाडी तेवढी राहिली. मुलाने मात्र रविवारी जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "आई, आता एकदा जरी ही रस्त्यात अडली ना, तर मी विकणार. मग माझ्याशी बोलायचं नाही." गाडी गेली म्हणजे बाजारात जायचं तरी सुनेच्या तोंडाकडे बघा आणि "मला जरा सोडतेस का गं?" म्हणा. हे वाक्य आजींच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. ते तोंडच तसं घडवलेलं नव्हतं.

म्हणून त्यांनी गाडी गुपचूप गॅरेजात आणली.

मिस्त्रीचा हात चांगला, जीभ मात्र भलतीच. तो गाडीला कधी गाडी म्हणायचाच नाही. ज्याची गाडी, त्याचं नाव. "वकीलसाहेबांना जॅकवर चढवा रे! आणि बँकेतल्या बाई गळतायत, खाली पत्रा ठेवा!" आजींना या बोलण्याची इतक्या वर्षांत सवय होऊन गेली होती.

मिस्त्रीने बोनेट उघडलं आणि एक जाड, घड्याघड्यांची काळी रबरी नळी वाकवून दाखवली. घडीघडीत चिरा.

"आजी, तुमची श्वासाची नळी गेली. इंजिनाला हवा पोचवते ती."

"मग बदल की. तोंड काय बघतोस?"

"नवी येत नाही आता. भंगारवाल्याकडे तुमच्याच वयाची एक पडलीय. तिची काढून तुम्हाला बसवतो. पण संध्याकाळ होईल."

संध्याकाळ! आणि आजी फोन घरीच विसरून आल्या होत्या.

"तूच घरी फोन लाव. सुनेला म्हणावं, उशीर होईल. पण गाडी हा शब्द तोंडातून काढलास तर याद राख. गॅरेजही म्हणायचं नाही."

आजी स्वतः कधी खोटं बोलत नसत. तसलं काम त्या दुसऱ्याला सांगत.

मिस्त्रीने फोन लावला. "आजींचं घर ना? आजी माझ्याकडे आहेत. रस्त्यात बंद पडल्या होत्या... नाही, आता चालूच होत नाहीत. उघडून बघितलं, तर श्वासनळी चिरलेली. वय झालं हो, चालायचंच."

आजी स्टुलावर बसून चहा घेत मान डोलवत होत्या. एकदाही गाडी म्हणाला नाही. शब्दाचा पक्का माणूस!

"नवी कुठली मिळायला? दुसरी एक म्हातारी भंगारात पडलीय, तिची काढतो... पत्ता? पत्ता सांगायची मनाई आहे."

"काळजी करू नको म्हणावं," आजी हळूच म्हणाल्या.

"आणि काळजी करू नका. अगदीच नाही बसली, तर चिकटपट्टी गुंडाळून पाठवतो."

पलीकडे काहीतरी दणकन आपटलं.

"धसमुसळी आहे ती," आजी म्हणाल्या. "आता परत फोन आला तर उचलू नकोस."

फोन सतरा वेळा वाजला. मिस्त्रीने एकदाही उचलला नाही.

संध्याकाळी भंगारातली नळी बसली, दोन्ही क्लिपा आवळल्या आणि गाडी अशी चालू झाली, की चालू आहे की नाही हे हात लावून बघावं लागलं. आजी गुणगुणत घरी आल्या आणि फाटकातच थिजल्या. दार सताड उघडं. अंगणात माणसं. आतून रडण्याचा आवाज. मुलाचा!

घरात माणसं तीन. मुलगा रडतोय, आपण इथे. म्हणजे सून! सकाळीच आपण तिला भाजीत मीठ नाही म्हणून बोललो होतो. आपण मेलं तोंड कशाला उघडतो!

तेवढ्यात सुनेचा हुंदका ऐकू आला, खणखणीत. आजींचा जीव भांड्यात पडला. मग रडतायत तरी कुणासाठी?

"सगळी हॉस्पिटलं पालथी घातली," मुलगा म्हणत होता. "गाडी विकतो म्हणालो, तेच तिच्या जिवाला लागलं. ती घरी येऊ दे, गाडीला हात लावणार नाही, शप्पथ! आणि तिला पुन्हा एकटीला कुठे जाऊ देणार नाही, तीही शप्पथ!"

पहिली शप्पथ ऐकताच आजी आत घुसल्या होत्या. मुलाच्या हातातला पेला खाली पडला. सून धावली आणि थेट त्यांचा गळा चाचपू लागली.

"आई, टाके कुठायत? त्या दुसऱ्या बाईंची नळी बसली का हो नीट?"

आजींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चिकटपट्टीसकट सगळं आठवलं. जन्मात पहिल्यांदा त्यांना शब्द सुचेना.

"बोलायची बंदी केली असेल डॉक्टरांनी," शेजारीण जरा आशेनेच म्हणाली.

"मला बंदी करणारा अजून जन्माला यायचाय! अगं, नळी गाडीची! बंद पडली ती गाडी, मी नव्हे!"

बोलून गेल्या आणि जीभ चावली.

"म्हणजे गाडी रस्त्यात अडली?" मुलाने डोळे पुसत विचारलं.

"शप्पथ घेतलीयेस तू. हिने ऐकलीय."

शेजारणीने मान हलवली. तिने सगळंच ऐकलं होतं.

"घेतलीय," मुलगा मटकन बसला. "राहू दे गाडी."

"आणि दुसरी शप्पथ?" सुनेने नाक पुसलं. "एकटीला जाऊ देणार नाही, ती? तीही ऐकलीय यांनी."

दुसऱ्या दिवशी आजींनी गाडी काढली, तर शेजारच्या सीटवर सून. मांडीवर पर्स, पट्टा घट्ट.

"आई, सावकाश. आई, सायकल. आई, तो खड्डा."

गाडीला खोकला म्हणून नव्हता. घरघर चालली होती ती आता आजींच्या घशात. चौकात त्या काहीतरी जिव्हारी लागेलसं बोलणार, तोच सून म्हणाली,

"आई, मला जरा बाजारात सोडता का?"

आजींनी गाडी कडेला घेऊन थांबवली.

"काय म्हणालीस?"

"जरा सोडता का, म्हटलं."

"पुन्हा म्हण," आजी सीटवर ऐसपैस रेलल्या. "इंजिनाच्या आवाजात ऐकू नाही आलं."