भाऊसोंचा नकाशा आणि फौजी जावई

अख्ख्या सांगली जिल्ह्यात आपल्याएवढं युद्ध कुणाला कळत नाही, असं भाऊसोंचं म्हणणं होतं, आणि समोर कुणी असो वा नसो, ते म्हणून दाखवायचे. कुपवाडला त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप. पंपाचे शाफ्ट, उसाच्या रसवंतीचे बुश, असला सरळमार्गी धंदा. पण तिकडं युक्रेनात लढाई जुंपली आणि इकडं भाऊसोंच्या अंगात सेनापती संचारला! वर्कशॉपच्या भिंतीवर मोठा नकाशा लागला, त्यात रंगीत टाचण्या घुसल्या. सकाळी मशिनं सुरू व्हायच्या आधी आघाडीचा आढावा असायचा. कामगार चहा घेऊन मन लावून ऐकायचे. आढावा लांबला की काम उशिरा सुरू व्हायचं, त्यामुळं मधेमधे शंकाही विचारायचे.

विश्रामबागेत घरी तर आणखी वैताग. जेवताना ताटातली भाकरी म्हणजे शहर व्हायची, शेंगदाणे म्हणजे रणगाडे, आणि भाजी गार होईस्तोवर वेढा काही उठायचा नाही. बायकोनं, संयोगितानं, कोथिंबीर आणायला धाडलं तर भाऊसो रिकाम्या हातानं परत यायचे आणि कुठला पूल पडला ते सांगायचे.

अशा घरात मुलीला स्थळ आलं, ते नेमकं फौजीचं. मुलगा धैर्यशील, साताऱ्याकडचा, सुट्टीवर आलेला. वडील नाथाजी सुभेदार म्हणून रिटायर झालेले. गाव असं की घरटी एक माणूस मिल्ट्रीत. समीक्षाला फोटो आवडला होता, संयोगिताला घराणं आवडलं होतं, आणि भाऊसोंना तर काय, खराखुरा सैनिक घरी चालत येणार होता! बायकोनं आदल्या दिवशीच बजावलं होतं की पाऊसपाणी बोला, उसाचं बोला, पण तोफेचं नाव काढायचं नाही. भाऊसोंनी शब्द दिला. पोह्यांची बशी पाहुण्यांच्या हातात पडेपर्यंत तो टिकला.

"पोस्टिंग कुठं म्हणायचं?"

"वर, नॉर्थला," धैर्यशील म्हणाला.

"नॉर्थला म्हंजे नेमकं कुठं?"

"जरा आणखी वर."

भाऊसोंनी खुर्ची पुढं ओढली. तुमच्याकडं तोफा कुठल्या, असं विचारलं. पोरगा म्हणाला, हायत की. मारा किती लांब करतात? म्हणाला, लांब जातोय गोळा. ड्रोन आलं तर पाडता कशानं? त्यावर धैर्यशीलनं पोहे झकास झाल्याचं सांगितलं. समीक्षाला हसू आवरेना. नंतर दोघं गच्चीवर बोलायला गेली, ती चहा दोनदा गरम करावा लागला तरी खाली येईनात. असं झालं की जमलं म्हणून समजायचं.

पाहुणे गेले आणि भाऊसोंनी दार लावून निकाल दिला.

"पोरगा फौजी न्हाई."

संयोगिताला वाटलं उन्हानं झालं असेल. पण भाऊसोंचा हिशोब पक्का होता. ज्याला स्वतःच्या तोफेचा पल्ला सांगता येत नाही, तो कसला सैनिक? अंगावर वर्दी चढवून लग्न जमवणारे तोतये असतात, पेपरात येतं की! नाथाजीही फसले असतील, पोरगं कुठंतरी वॉचमन असेल. समीक्षानं स्वच्छ सांगितलं की मला मुलगा पसंत आहे, त्यांना होकार कळवा. भाऊसो म्हणाले, बापाचं काळीज आहे माझं, आधी चौकशी करणार.

स्थळाची चौकशी सगळेच करतात. कुणी भावकीत विचारतं, कुणी गावच्या किराणा दुकानात. भाऊसोंनी ती युद्धशास्त्रानं करायची ठरवली. सुट्टी संपवून धैर्यशील परत गेला, तसा रोज संध्याकाळी त्याला यांचा फोन. जेवलास का, थंडी कितपत आहे, असं करत करत गाडी वळायची: तोफा किती, तोंडं कुठल्या बाजूला, नवीन काय आलंय? पोरगा कधी रेंज नाही म्हणायचा, कधी समीक्षाच्या आई कशा आहेत विचारायचा. शेवटी भाऊसोंनी त्याला सरहद्दीचा नकाशाच मोबाईलवर पाठवला आणि खाली लिहिलं, "तुम्ही आहात तिथं नुसतं गोल करा. बाकी आमचं आम्ही बघतो."

गोल काही आला नाही. मग भाऊसोंनी वर्कशॉपमधल्या हरिबाला पुढं केलं. हरिबा जुना लेथवाला, आवाज भारदस्त. त्यानं आपल्या फोनवरून दिल्लीचा साहेब होऊन तेच प्रश्न विचारायचे होते. धैर्यशीलनं सगळं ऐकून घेतलं आणि अदबीनं विचारलं, आपलं नाव, गाव? हरिबा सरळ माणूस. त्यानं नाव सांगितलं, कुपवाड सांगितलं, वर मालकाचं नावही सांगून टाकलं.

त्या दिवसापासून साताऱ्याकडून फोन नाही, निरोप नाही. समीक्षाचं जेवणावरचं मन उडालं. संयोगिता नवऱ्याशी बोलेनाशी झाली. भाऊसोंनाही लेकीकडं बघून आतनं तुटायचं, पण ते स्वतःला समजवायचे की बरं झालं, चोर वेळेवर पळाला.

आणि एका सकाळी वर्कशॉपवर साध्या कपड्यातली दोन माणसं आली. म्हणाली, तुमच्या नकाशाबद्दल ऐकलं, बघायचा होता.

भाऊसोंच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतकी वर्षं ऐकवलं ते पगारी माणसांना. आज कुणीतरी आपणहून विचारायला आलं! त्यांनी मशिनं बंद करवली, भजी मागवली आणि टाचण्यांवर बोट ठेवून बोलायला सुरुवात केली. पाहुणे टिपून घेत होते. एकानं विचारलं, ही माहिती मिळते कुठून? खरं तर मोबाईलवरच्या व्हिडिओंतून मिळायची, पण तसं सांगणं बरं दिसेना.

भाऊसो आवाज खाली आणून म्हणाले, "सोर्स सांगायचा नसतो, साहेब."

"आणि आपल्या सरहद्दीवर या लाल टाचण्या?"

"ते काम अजून चालू हाय. तिकडं एक पोरगं हाय ओळखीचं. त्याच्याकडनं काढतोय हळूहळू."

पाहुण्यांनी एकमेकांकडं बघितलं. वह्या मिटल्या. बाहेर जीप उभी होती.

ठाण्यावर दुपारपर्यंत मोबाईल तपासला. त्यात हजारो व्हिडिओ, हळद व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकलेली भाकितं आणि भाकितांखाली व्यापाऱ्यांनी जोडलेले हात निघाले. अमुक शहर दिवाळीला पडणार, तमुक सेना संक्रांतीला माघार घेणार. फौजदारसाहेबांनी एकेक पडताळून बघितलं. एकही खरं झालं नव्हतं.

तेवढ्यात संयोगिता आणि समीक्षा आल्या, संयोगितानं फोन केला म्हणून साताऱ्याहून नाथाजीही आले. भाऊसो शरमेनं बाकावर आणखी बारीक झाले. नाथाजी रागावले नव्हते. शेजारी बसून शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, पोराचा नाइलाज झाला. तोफांची चौकशी सासरा करू दे न्हाईतर आणि कोण, वर कळवावंच लागतंय. तसा नियमच हाय. आता तुमचं प्रकरण मिटल्याबिगर त्याला या घरात लगीन करता येत न्हाई. तो तिकडं जेवत न्हाई, म्हणती त्याची आई."

म्हणजे पोरगा खरा फौजी होता. इतका खरा की त्यानं होणाऱ्या सासऱ्यालाही सोडलं नव्हतं! भाऊसोंना भलताच अभिमान वाटला आणि पाठोपाठ त्यांनी मान खाली घातली.

"पप्पा," समीक्षा म्हणाली, "मला त्याच्याशीच लग्न करायचंय."

प्रकरण मिटवायचं कसं, ते फौजदारसाहेबांनी सांगितलं. अवघड काही नव्हतं. भाऊसोंनी जबाब द्यायचा, की मला युद्धातलं आणि शस्त्रांतलं काहीही कळत नाही, जे बोललो ते सगळं मनानं रचलेलं होतं. खाली सही. कागद आजच वर जाईल, महिन्यात लग्न लावा.

भाऊसोंना हेरगिरीचा आळ एक वेळ परवडला असता. पण काहीही कळत नाही? रणगाड्यांतलंसुद्धा? त्यांनी हळूच विचारलं, थोडंफार कळतं असं लिहिता येईल का. फौजदारसाहेबांनी नकारार्थी मान हलवली. भाऊसोंनी लेकीकडं बघितलं. ती ओढणीचं टोक पिळत त्यांच्याकडंच बघत होती. जन्मात कधी दिली नव्हती ती कबुली त्यांनी डोळे मिटून देऊन टाकली.

"लिहा साहेब. मला युद्धातलं कायबी कळत न्हाई."

फौजदारसाहेबांनी छापलेला कागद पुढं सरकवला आणि पेनाचं टोपण काढून दिलं.

"लिहून तयारच आहे. तुमच्या मिसेस, हरिबा आणि सगळ्या कामगारांनी आमच्या माणसांना मघाशीच हेच सांगितलंय. फक्त तुमचंच मत यायचं राहिलं होतं."