कुंडीतल्या निळ्या फुलाचा रोजचा खून

माझी बुद्धी तल्लख आहे, नजर घारीची आहे आणि स्वभाव अतिशय नम्र आहे. हे मला वरचेवर सांगावं लागतं, कारण लोक विसरतात. माझी गरज उरली नसल्याचं कंपनीने कळवलं, तेव्हापासून मी स्वतंत्र तपास करतो.

या वेळची फिर्यादी माझी सख्खी ताई. राहते खालच्या मजल्यावर. भूमध्य समुद्राकडचे कसलेसे कंद तिने अंगणातल्या कुंडीत लावले होते. दोन वर्षं नुसती पाती. या आठवड्यात मात्र रोज एक कळी टपोरी व्हायची. ताई सकाळी ती बघून ऑफिसला जायची आणि संध्याकाळी येऊन बघते तर देठावर नुसती चुरगळलेली चिंधी उरलेली.

"कोण खुडतंय रे? एकदा तरी उमललेलं बघू दे मला," ती म्हणाली. "आता दोन-तीनच कळ्या उरल्यात."

मी तपास गुप्त ठेवला. बायकोलासुद्धा पत्ता लागू दिला नाही. पहिला संशय शेजारच्या दंतवैद्यावर, कारण उपटणं हा त्याचा धंदाच. त्याने जबाब द्यायच्या आधी माझीच दाढ तपासली आणि काढायला सांगितली. त्यामुळे मी तिथे फार ताणलं नाही.

दुसरा संशय भावोजींवर. ताई त्यांच्यापेक्षा कुंडीशी जास्त बोलते.

"मी कशाला खुडू?" ते म्हणाले. "ती कुंडीशी बोलते म्हणून मला पेपर वाचता येतो."

उरला पहारा. सकाळी जेवणापर्यंत आणि संध्याकाळी चहानंतर मी गॅलरीतून डोळ्यांत तेल घालून कुंडी बघत होतो. मधल्या वेळात मी झोपतो. तसल्या उन्हात चोरही झोपणारच, हे साधं तर्कशास्त्र आहे.

शेवटची कळी उरली तेव्हा मी बायकोला विश्वासात घेतलं.

"ताईंचं निळं फूल ना? रोज दुपारी उमलतं की," ती म्हणाली. "कपडे वाळत घालताना बघते मी. उन्हं उतरली की कोमेजतं. त्याचं आयुष्यच तेवढं."

"मग बोलली का नाहीस?"

"दुपारी तुम्ही झोपता. उठल्यावर तुम्हीच बोलता."

हा निष्कर्ष मी ताईला माझ्या नावाने कळवला.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेलीच नाही. कुंडीपुढे स्टूल टाकून बसली. ऊन तापलं, कळी सैलावली आणि निळं फूल उघडलं. ताई हसली, मग रडली. मी माहिती द्यायला तोंड उघडलं, तर तिने हातानेच गप्प केलं.

तेवढ्यात तिच्या साहेबांचा फोन आला.

"नाही हो, आज नाही जमणार. घरी पाहुणे आलेत," फुलावरची नजर न काढता ती म्हणाली. "छे, राहतायत कसले. संध्याकाळी जातील."