भिला नानांच्या दारावर

आमच्या गल्लीतले भिला नाना दिवसातून निदान एकदा मरतात. पोरांना शाळेची सुट्टी असली तर जास्त.

मरायची त्यांची पद्धत ठरलेली आहे. पोरानं खेळण्यातली बंदूक रोखली आणि टिकलीचा नाहीतर तोंडाचा ठो काढला की नाना आधी हातातली पिशवी भिंतीला नीट टेकवतात. चष्मा काढून खिशात घालतात. मग छातीवर हात दाबून "अरे बाप रे, मरी गऊ रे भो!" असं ओरडत पहिला जो ओटा दिसेल त्यावर आडवे होतात. पिशवीत अंडी असली तर मरायला जरा जास्त वेळ लागतो. पोरं थांबतात. एवढा व्यवस्थित मरणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

नाना मूळचे धुळ्याकडचे. वयात आल्यापासून सुरतेत, सगळा जन्म लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात गेला. खात्यातल्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं, आणि ती सवय काही सुटली नाही. ते कानात सांगायला लागले तरी दोन घरं पलीकडे कळतं. त्यांचं रोजचं मरण सगळ्या गल्लीला ऐकू येतं ते त्यामुळेच. आता कामावर जात नाहीत. गल्लीच्या पाण्याची मोटर चालू-बंद करतात आणि ओट्यावर बसतात. बायको लॉकडाऊनच्या वेळी वारली, आम्ही डिंडोलीतून इकडे नवागामला राहायला येण्याच्या आधी. मुलगी शिरपूरला दिलेली आहे. ती बोलावते, नाना जातात, आणि आठवडा व्हायच्या आत परत येतात. "तिथं करमत नही. कोनी मारतच नही," म्हणतात.

इथपर्यंत ठीक होतं. लहान पोरांसाठी पडणारी, रडणारी, घोडा होणारी म्हातारी माणसं सगळीकडे असतात. नानांची खरी गंमत ते मेल्यानंतर सुरू होते. त्यांचा एक कायदा आहे आणि तो गल्लीतल्या पोरापोरीला पाठ आहे: "ज्यानी मारं, त्यानी दारवर येवानं!"

दारावर जाणं म्हणजे काय ते खानदेशी माणसाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. कुणाकडे मयत झाली की नातलग, ओळखीचे त्या घरी भेटायला जातात. जायचं, खाली बसायचं, मान खाली घालायची. थोड्या वेळानं हळूच विचारायचं, "कसं झालं?" घरच्या माणसानं सांगायचं, आपण ऐकायचं. पाणी प्यायचं आणि उठायचं. कितीही घाईचा माणूस असला तरी यातलं काही गाळता येत नाही. वारही बघावा लागतो; दारावर जायला कोणता वार चालतो ते ज्याच्या-त्याच्या घरी ठरलेलं असतं.

नानांनी हे सगळं जसंच्या तसं पोरांना लावलं. गोळी घातली ना, मग आता माझ्या घरी चल आणि बस. अडचण एकच होती. घरात दुसरं कोणी नाही, मग दारावर आलेल्यांजवळ बसणार कोण? तेव्हा मेलेले नानाच उठायचे, कपडे झटकायचे, लगबगीनं घरात जाऊन टोपी घालायचे आणि सुतकी चेहरा करून दाराशी बसायचे.

माझा विहान पहिल्यांदा गेला तेव्हा त्यानं हरकत घेतली होती. "नाना, पण तुम्ही तर मेले ना?"

"मेला तो बाहेर पडेल शे," नाना म्हणाले. "मी त्याना भाऊ. बठ."

विहान बसला.

"आते इचार."

"कसं झालं?"

"काय सांगू, पोरा! चांगला व्हता. सकाळी चहामा बुडाडी बुडाडी खारी खाधी. भाजी लेवाले गया, अन् कोपरावर कोनी तरी गोळी घाली दिन्ही."

"कोणी?"

"ते तू सांग."

मी आमच्या दारातून ऐकत होते. माझ्या पोरानं बंदूक पाठीमागे घेतली. मग म्हणालं, "मैंने."

"काबर?"

काबर म्हणजे कशासाठी. विहाननं बराच विचार केला. शेवटी म्हणाला, "ऐसे ही."

"ऐसे ही," नाना म्हणाले. "मंग बठ थोडा येळ."

आता माझंही सांगून टाकते. मला घरात बंदूक नकोच होती. दिवाळीला माझ्या भावानं आणून दिली, आणि मामाची वस्तू परत करता येत नाही. विहानचे पप्पा सुरतेजवळच्या सचिन गावी, कापड रंगवायच्या प्रोसेस मिलमध्ये आहेत. ते म्हणाले, "आम्ही पण खेळलो बंदुकीनं, कुठं डाकू झालो?" माणूस डाकू झाला नाही ही काही फार मोठी कमाई नव्हे, असं मी म्हटलं. पण बंदूक राहिली. ती मी एकदा कपाटावर टाकली, तर हा लाटण्यानं मारायला लागला. लाटणं काढून घेतलं, तर ताटातली पोळी चावून चावून तिचं पिस्तूल केलं आणि मलाच हॅन्ड्स अप म्हणाला. तेव्हापासून माझं असं मत झालं आहे की बंदूक दुकानात नसते, पोराच्या डोक्यात असते. पण म्हणून ती विकत आणून हातात द्यावी असंही नाही. या विषयावर माझी दोन मतं आहेत आणि दोन्ही पक्की आहेत.

नानांचं एकच मत होतं. त्यांना विचारलं तर म्हणायचे, "खेळू दे ना. पन मारा तं बठनं पडी." मारलंस तर बसावं लागेल, बस. त्याला पोटकायदे होते. पाठीत गोळी मारली तर नाना मरत नसत, उलट मागे वळून "फेर समोर ये" म्हणायचे. जेवणाऱ्या माणसाला मारायचं नाही. डोक्यावर पाणी घेऊन चाललेल्या बाईला मारायचं नाही. पिचकारी मारली तर नुसतं जखमी.

मध्यंतरी पोरांमध्ये दिवे लागणाऱ्या, ड्र्र्र्र करणाऱ्या मशीनगनची साथ आली. विहाननं हट्ट करून ती आणवली आणि पहिल्याच दिवशी नानांवर सगळी रिकामी केली. नाना शांतपणे मेले. मग टोपी घालून बसले आणि म्हणाले, "जितल्या गोळ्या, तितला येळ दारवर." दुपार झाली तरी विहान तिथेच. बाहेर बाकीची पोरं क्रिकेट खेळत होती आणि हा उठतोय, बाहेर जातोय, परत येऊन मान खाली घालून "कसं झालं?" विचारतोय. दुसऱ्या दिवशी त्यानं मशीनगन मित्राला देऊन टाकली आणि जुनी टिकलीची बंदूक काढली. तीही जपून वापरायला लागला. मी ओरडून, मारून, धमकी देऊन जे झालं नव्हतं ते असं झालं. आईला असल्या गोष्टीचा आनंद होतो तसा थोडा रागही येतो.

पण गल्लीतल्या बायकांना हे मुळीच पसंत नव्हतं, आणि त्यात सगळ्यात पुढे रत्नावहिनी. त्या आमच्यासमोर राहतात. घरी साड्यांना लेस लावायचं काम त्या घेतात आणि आम्ही चारपाच जणी दुपारी त्यांच्या ओट्यावर बसून ते करतो. त्यामुळे गल्लीचा कारभार तिथूनच चालतो. त्यांची नात परीसुद्धा नानांना मारून दारावर जाऊन आलेली. "जित्या माणसाच्या दारावर जायचं म्हणजे काय!" रत्नावहिनी सुई थांबवून म्हणायच्या. "लेकराबाळांच्या तोंडी मयतीची भाषा! आधीच त्या बंदुकींचा ताप, त्यात हा अपशकुन."

त्यात मोटरीचं झालं. नानांनी मोटर चालू केली आणि तेवढ्यात त्यांना कुणीतरी मारलं. टाकी भरून वाहायला लागली. परीच्या आजोबांनी हाका मारल्या, तर नाना आतून सुतकी आवाजात म्हणाले, "घरमा दारवर लोके बठेल शेतस, आते उठता येत नही." पाणी वहिनींच्या ओट्यावर आलं आणि लेस लावलेल्या साड्यांचा गठ्ठा भिजला. भिजलेल्या साड्या व्यापारी घेत नाही.

त्या संध्याकाळी ठराव झाला. गल्लीत बंदुका बंद, नानांचं मरणं बंद, आणि पोरांनी त्यांच्या घरात जाऊन बसायचं नाही. सांगायला मला पाठवायचं ठरलं, कारण मारायला सुरुवात माझ्या विहाननं केली होती. मला बंदुका बंद झालेल्या हव्याच होत्या. पण पोरं गेली नाहीत तर त्या माणसाच्या दारात दिवसभर कोण जाणार, हेही मला दिसत होतं. दुसरं कोणी जाताना मी पाहिलं नव्हतं. वाईट वाटत होतं, पण ठरलं होतं म्हणून दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गेले.

मला उशीर झाला होता. नाना आधीच मेलेले होते. दाराशी टोपी घालून बसले होते आणि समोर विहान नि परी मान खाली घालून. नानांनी मला हातानं खूण केली, बस म्हणून. दारावर दुसरा विषय काढत नाहीत, म्हणून मी उंबऱ्यापाशी उभी राहिले. म्हटलं, यांचं आटपलं की सांगू.

परीचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. ती नुकतीच गावाहून आली होती. तिची आईकडची आजी गेली, तेव्हा आईबरोबर गेलेली. ती इकडेतिकडे बघत म्हणाली, "नाना, बायका इकडे नाही बसत. बायका अंदर बसतात. गावाला मी मम्मीसोबत अंदर बसली होती, मामीजवळ. तुमच्या घरात अंदर कोण आहे?"

"कोनी नही," नाना म्हणाले. "व्हती. गयी."

हे खेळातलं नव्हतं, पण परीला ते काय ठाऊक. तिनं फ्रॉक गुडघ्यावर ओढला, मान खाली घातली आणि नानांनीच शिकवलं होतं तसं, थोडं थांबून, हळूच विचारलं.

"कसं झालं?"

मला वाटलं, आता खारी आणि भाजी येणार. नाना दाराबाहेर बघत राहिले. मग सांगायला लागले, इतकं हळू की मला पुढे वाकावं लागलं.

"ताप व्हता. मी म्हंतं, दवाखानामा जाऊत. ती म्हने, बाहेर पोलीस शेतस, तुम्हले मारतीन, राहू द्या. मी राहू दिन्हं." त्यांनी आत गॅसकडे पाहिलं. "मंग म्हने, गॅसवर दूध शे, उतू जाई, देखा. मी दूध देखाले गऊ. बंद करीसन उनू, तं..."

पोरं तशीच बसून होती. विहानची बंदूक त्याच्या मांडीवर होती आणि तिला त्यानं हातसुद्धा लावला नाही.

"पोरगीले बी येता उनं नही. फोनवर रडनी. सारी गल्ली गावले जायेल. सुतक फिटे तोवर मी दार उघडं ठेवी बठनू. वाटे, कोनी उनं तं सांगसू." नानांनी टोपी सारखी केली. "कोनी उनं नही." कुणीच आलं नव्हतं.

परी उठली. माठातून पेल्यात पाणी घेतलं, स्वतः प्यायली, विहानला दिलं, आणि मग माझ्याकडे पेला धरून मोठ्या बाईसारखी म्हणाली, "काकू, तू पण बस ना."

मी आत जाऊन बसले. पाणी प्यायले. ठरावाचं काही बोलले नाही. निघताना पोरंही 'येतो' म्हणाली नाहीत आणि मीही म्हटलं नाही, कारण तिथून निघताना तसं म्हणायचं नसतं.

समोर ओट्यावर रत्नावहिनी वाट बघत होत्या. मांडीवर साडी, तोंडात दोरा.

"सांगितलं का?"

"नाही."

"का?"

"दारावर बसले होते."

"तू पण?" त्यांनी तोंडातला दोरा काढला. "अगं, कुणाच्या?"

"काकूंच्या. नानांच्या बायकोच्या."

"मंगलाकाकू? त्या तर लॉकडाऊनमध्येच गेल्या. आम्ही सगळे गावाला अडकलेलो." एवढं बोलून त्यांनी दोरा बोटाला गुंडाळला. "परत आलो तेव्हा जायचंच होतं. मग म्हटलं, आता लई दिवस झाले, आता काय जायचं."

"परीनं विचारलं त्यांना आज, कसं झालं म्हणून."

"आमच्या परीनं?"

"हो. त्यांनी सांगितलं."

रत्नावहिनींनी साडीला सुई टोचून ठेवली. नानांच्या दाराकडे बघितलं. दार उघडंच होतं.

"आज वार कोणता?" त्यांनी विचारलं.

"सोमवार."

"आमच्याकडं सोमवार चालतो," त्या म्हणाल्या, आणि डोक्यावर पदर घेऊन उठल्या.