कुंदाताई पुन्हा मेल्या

नागपूरजवळच्या बेसातल्या आमच्या इमारतीत कुंदाताई परातेंच्या हॉलमध्ये फोटोंची रांग आहे. प्रत्येक फोटोला चंदनाचा हार, आणि प्रत्येक फोटोत स्वतः कुंदाताई. नवा कुरिअरवाला भिंत बघतो, चपला काढतो, हात जोडतो, आणि तेवढ्यात फोटोतलीच बाई आतून येऊन विचारते, "सही कुठं करू गा?" एक जण पार्सल टाकून वर्धेपर्यंत पळाला म्हणतात. मी काही इतका ताणणारा माणूस नाही; वाटेतल्या बुटीबोरीपर्यंत नक्की पळाला.

कुंदाताई टीव्हीवरच्या मालिकांत काम करतात. काम म्हणजे मरण्याचं. नायकाची आई, नायिकेची आत्या, कुणाची तरी सावत्र सासू. थोडं रडायचं, भरपूर रडवायचं आणि भिंतीवर जायचं. मग तो फोटो सेटवरून मागून घरी आणायचा. "मेहनतीनं मेली गा मी, फोटो काहून सोडू?" त्यांच्या एका हार्ट अटॅकला सीताबर्डीतल्या साडीवाल्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात त्या ब्लाउजपीस घ्यायला गेल्या, तेव्हा उरलेलं अर्धंही ओढलं.

या वेळी मात्र त्यांना मरायचं नव्हतं. हातात ही एकच मालिका उरली होती, दुसरं काम कुणी देईना. मालिकेत त्या जिन्यावरून पडून कोमात होत्या. "मस्त रोल आहे," म्हणायच्या. "दिवसभर पडून राहाचं अन् दुपारी साऱ्या युनिटसंग गप्पा मारत जेवाचं. आणखी काय पाहिजे?" एकदा शॉटमध्ये त्या खरंच झोपल्या आणि अशा घोरल्या, की साउंडवाला जनरेटर बंद करायला धावला.

माझी आई त्या मालिकेची पक्की प्रेक्षक. नागपुरात असल्या की कुंदाताई रोज तिला विचारायच्या, "काकू, काय वाटते, उठीन का मी?"

"उठशीन वं! तुझ्या त्या सुनेचे कान कोण उपटन मग?"

पण मुंबईहून फोन आला. कुंदाताईंचं पात्र संपवलं होतं. यायचीही गरज नव्हती; चादरीखाली दुसरं कुणी झोपणार होतं. फक्त हारासाठी एक हसरा फोटो पाठवा.

तो भाग लागला त्या संध्याकाळी कुंदाताईंचं दार बंद. आईनं पिठलं-भाताचा डबा भरला. मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे जेवण नेतात, ही आमच्याकडची रीत.

"आई, अगं मालिकेत मेल्या त्या!"

"मले शिकवून राहिला का? तिच्या घरातून फोडणीचा वास आला का आज, ते सांग."

डबा पाहून कुंदाताई इतक्या हसल्या की वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. "काकू, मीच मेली अन् मीच जेवू?"

"मंग? बाकीचे कोण आहेत वं घरात?"

कुंदाताई ताट घेऊन बसल्या. आई वाढत गेली, त्या जेवत गेल्या. भात संपत आला तशी त्यांनी मान वर न करता विचारलं, "काकू, हे जेवण किती दिवस आणतात जी?"

"घरचं माणूस सावरेपर्यंत."

कुंदाताईंनी पिठल्यासाठी ताट पुढं केलं.

"मग मले टाइम लागन, काकू."