मुलुंडचं रिटर्न तिकीट

सानपाड्यात डोकं लावून तपास करणारा माणूस एकच. मी. नामदेव. शिक्षण सातवी, ती पण पुरती नाही, कारण पेपरच्या दिवशी मी शाळेच्या घंटेचा हातोडा कोणी पळवला ते शोधत होतो. हातोडा सापडला नाही. सातवी पण सापडली नाही. पुढं आमच्या भातशेतीवर बिल्डिंगा उभ्या राहिल्या, दोन फ्लॅटचं भाडं यायला लागलं, आणि मला डोक्याचं काम करायला वेळ मिळाला. दाराला पाटी लावली : ‘नामदेव. गुप्त तपास. बेल जोरात दाबा.’ आजवर अकरा केस घेतल्या. त्यातल्या चार आपोआप सुटल्या, तीन हरवलेल्या मांजरांच्या होत्या आणि बाकीच्या लोकांनी परत घेतल्या.

तर मंगळवारची गोष्ट. माझी बायको यशोदा मुलुंडला गेली होती. तिची धाकटी बहीण जयमाला, तिचा नवरा वारला. यशोदा भेटून आली ती चप्पल न काढता घरात. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मी लगेच ताडलं की काहीतरी झालंय.

“चपलीत खडा गेला का?”

“मला इदाऊट पकडली,” ती म्हणाली आणि रडायला लागली.

झालं होतं असं. कुर्ला स्टेशनच्या ब्रिजवर टीसीनं तिला थांबवलं. हिनं ऐटीत रिटर्न तिकीट काढून दाखवलं. तो म्हणाला, हे चालत नाही. दंड घेतला, पावती दिली. आणि नेमक्या तेव्हाच आमच्या आळीतल्या दोघी समोरनं गेल्या. संध्याकाळपर्यंत आळीत एकच बातमी : यशोदा विदाऊट तिकीट सापडली.

“मी आता रेल्वेत पाय ठेवनार नाय.”

“अगं, पण गुरुवारी दहावा हाय. माहेरची साडी कोण नेणार?”

इथंच सगळं अडलं. दहाव्याला नवरा गेलेल्या बाईच्या अंगावर माहेरची साडी पडते. ह्या दोघींना भाऊ नाही, आईबाप कधीच गेले. जयमालाचं माहेर म्हणजे यशोदा, बास.

“मी नेतो साडी,” मी म्हटलं.

“बाप्ये नेतात होय? आनि तुमी न्याल ती पोचंल का?”

“मग मिथुनची गाडी काढू.”

मिथुन आमचा मुलगा. यशोदा गाडीत बसली की तुर्भ्यापर्यंत पण तिच्या पोटातलं पोटात राहत नाही. दहाव्याला तसं जाऊन कसं चालेल?

म्हणजे केस माझ्याकडं आली. तिकीट एकच. जाताना मुलुंडच्या लेडीज टीसीनं बघितलं आणि “जा मावशी” म्हणाली. येताना कुर्ल्याच्या टीसीनं बघितलं आणि दंड. जाताना खरं, येताना खोटं. मधल्या चार तासांत तिकिटाला झालं काय?

मी तिकीट हुंगलं. सुक्या बोंबलाचा वास. माझा पहिला निष्कर्ष : खरं तिकीट कोणीतरी पळवलं आणि मासळीवालीच्या टोपलीतलं खोटं हिच्या पिशवीत सरकवलं. हे मी स्वयंपाकघरात जाऊन जाहीर केलं.

“पिशवी बोंबलाचीच हाय,” यशोदा म्हणाली. “गेल्या रविवारी तुमीच आनलीत.”

दुसरा निष्कर्ष : टीसी खोटा. काळा कोट कोणी पण घालू शकतो. बुधवारी सकाळी मी स्टेशनवर उभा राहिलो. दहा मिनिटांत काळा कोट दिसला. मी मागं लागलो. तो चहा प्याला, मी चहा प्यालो. तो पेपर वाचत बसला, मी त्याच्याच पेपरची मागची बाजू वाचत बसलो. शेवटी रिक्षा स्टँडवर तो गर्रकन वळला.

“काय काम आहे?”

“रेल्वेची केस हाय,” मी आवाज खाली घेऊन म्हटलं. “बायकोची.”

“मी फक्त घटस्फोटाच्या घेतो,” असं म्हणून त्यानं कार्ड दिलं. वकील होता. कार्ड मी ठेवून घेतलं, कारण केस कुठं जाईल सांगता येत नव्हतं.

तिसरा निष्कर्ष दुपारी झोपेत सुचला. तिकीट शिळं होतं. सकाळी ताजं असतं, दुपारी उन्हानं त्यातला दम जातो. हे मी संध्याकाळी सगळ्यांपुढं मांडलं, तेवढ्यात सूनबाई नमिता महाप्याहून ऑफिस करून आली. खांद्याची बॅग पण उतरवली नव्हती.

“बाबा, बघू तिकीट.”

“सांभाळून. पुरावा हाय.”

तिनं पुरावा दिव्याखाली धरला. मी मनात तीन आकडे मोजले नसतील.

“ह्यावर व्हाया ठाणे लिहिलंय. आई कुर्ल्यावरनं आल्या.”

“मग?”

“मग काय? इथनं मुलुंडला जायचे दोन रस्ते. एक ठाण्यावरनं, एक कुर्ल्यावरनं. तिकीट ज्या रस्त्याचं त्याच रस्त्यानं जायचं. रिटर्न असलं तर यायचं पण त्याच रस्त्यानं. दुसऱ्या रस्त्यावर ते तिकीटच नाही.”

“कुठं लिहिलंय?”

“तुम्ही अंगठा ठेवलाय तिथं.”

मी अंगठा काढला. होतं लिहिलेलं. मी म्हटलं, असलं तिकीट काढणाऱ्या माणसाला आधी पकडलं पाहिजे.

“कोणी काढलं होतं?” नमितानं विचारलं.

मंगळवारी सकाळी तिकिटाच्या खिडकीतल्या माणसानं मला विचारलं होतं, “ठाणे की कुर्ला?” आणि मी कोपर टेकून म्हटलं होतं, “ठाणे. आणि रिटर्न द्या.”

आता संशयिताला बाजू बदलावीच लागते. मी बायकोकडं वळलो. “पण तू कुर्ल्याला कशाला गेलीस? गेलीस तशी सरळ यायचं ना!”

“मला कोनी इचारलंच नाय,” यशोदा म्हणाली. “दोन दिस तुमी बोंबील हुंगताव. आमच्या बाची रीत हाय. मयताच्या घरी गेल्या वाटंनं माघारी यायचं नाय. दुख वाट वळखून मागं येतं. निघताना सांगितलं तुमाला, येताना कुर्ल्यावरनं यीन. तुमी बोट दाखवून थांब म्हनलात. फोनवर मांजराची केस व्हती.”

मांजर मंगळवारीच सापडलं होतं. ते मी सांगितलं नाही.

“आता काय करू?” मी विचारलं.

“आळीत सांगा,” यशोदा म्हणाली.

मारुतीच्या देवळापुढं संध्याकाळी बाया बसतात. त्या दोघी पण होत्या. मी गेलो, घसा साफ केला. मोठमोठ्या गुन्हेगारांना मी कबुली द्यायला लावणार होतो, पण पहिली कबुली माझीच निघेल हे मला ठाऊक नव्हतं.

“तिकीट मी चुकीचं काढलं. यशोदा विदाऊट नव्हती. तिच्याकडं तिकीट होतं, रस्ता माझा चुकला.”

“म्हंजी गुन्हेगार तुमीच का, नामदेवदादा?”

“प्राथमिक तपासात तसं दिसतं.”

बाया अशा हसल्या की देवळातला पुजारी बाहेर आला. मागं बघितलं तर यशोदा पदर तोंडाला लावून उभी. तिचे खांदे हलत होते. रडते का हसते, मी जवळ जाऊन खात्री केली. हसत होती.

गुरुवारी सकाळी तिनं मला खिडकीपासून चार हात लांब उभं केलं. “मुलुंड, दोन. ठाण्यावरनं. एकेरीच द्या. येताना तिकडनं कुर्ल्याचं काढू.” खिडकीतल्या माणसानं काही न विचारता दिलं. दोन्ही तिकिटं तिनं ब्लाउजमध्ये ठेवली. ठाण्याला गाडी बदलताना मी विचारलं, कुठला फलाट? ती म्हणाली, “मी उतरा म्हनलं की उतरायचं. बाकीचा तपास नको.”

मुलुंडला जयमाला भिंतीला टेकून बसली होती. दहा दिवस धड कोणाशी बोलली नव्हती म्हणे. यशोदानं साडी तिच्या अंगावर टाकली, पदर डोक्यावर घेतला, हातानं सारखा केला. मग जयमालानं विचारलं, “ताय, जाशील कंच्या वाटंनं?”

“कुर्ल्यावरनं.”

जयमालानं मान हलवली, तिचा हात घट्ट धरला आणि दहा दिवसांचं सगळं रडून घेतलं. मी उठून बाहेर गेलो आणि दारातल्या चपला नीट लावत बसलो.