आळशी भिजत घालावी

"बाजारातली एकही बाटली यापुढे माझ्या डोक्याला शिवणार नाही!"

शनिवारी सकाळी हातातला झारा उंच धरून तिनं ही घोषणा केली. नवरा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. सासूबाई डाळ निवडत होत्या. आणि दहा महिन्यांची भिंगरी कडेवर बसून आईची एक कुरळी बट तोंडात घालून चोखत होती. टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत.

सगळ्याचं मूळ ही भिंगरीच. बाळंतपणानंतर तिचे अर्धे केस मोरीच्या जाळीत गेले, आणि त्यांच्या जागी कपाळावर जे नवे उगवले ते भांडी घासायच्या ब्रशासारखे ताठ! अशा डोक्यानं सोमवारी, रजा संपवून, कामावर जायचं होतं. पुस्तकं छापणाऱ्या एका कार्यालयात ती मुद्रितशोधक होती. लोकांच्या चुका शोधायच्या, तांबड्या शाईनं दुरुस्त करायच्या. तिथले साहेब फोनवर स्पष्ट म्हणाले होते, "सोमवारी दहाला खुर्चीत दिसलात तर खुर्ची तुमची. नाहीतर दुसऱ्या बाई तयार आहेत."

केस बसावेत म्हणून तिनं दुकानातून जेलची एक बाटली आणली. लावली. वाळल्यावर डोक्यातून पांढरा भुगा गळायला लागला आणि भिंगरी तो आवडीनं चाटायला लागली! तिनं बाटली उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचला. तेवीस घटक. त्यातलं 'पाणी' सोडलं तर एकही नाव तिला ओठांवर आणता येईना.

"आणि हे माझ्या लेकीच्या पोटात? लाज वाटत नाही यांना?"

"कोणाला?" नवऱ्यानं मान वर न करता विचारलं.

"बाटलीवाल्यांना! मी घरीच करणार. दोनच जिन्नस लागतात, बिया आणि पाणी! दहा मिनिटांचं काम. व्हिडिओतल्या बाईचे केस बघ, धबधबा आहे नुसता!"

"कर की," नवरा म्हणाला.

तिनं केलं.

आता या बियांबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. चपट्या, तपकिरी, गुळगुळीत. सासूबाई त्यांना जन्मभर जवस म्हणत आल्या होत्या. तिच्या माहेरी त्यांना आळशी म्हणत. वस्तू एकच, त्यामुळे या फरकाकडे लक्ष द्यायला तिला कधी वेळ मिळाला नव्हता. (पुढे मिळाला. भरपूर!)

सासूबाईंना डॉक्टरांनी रोज चमचाभर भाजलेलं जवस खायला सांगितलं होतं. म्हणून तिनं एकदमच किलोभर आणलं आणि दोन डबे भरले. घोळ नको म्हणून दोन्हींवर चिठ्ठ्या चिकटवल्या, कामावरच्या सवयीनं तांबड्या शाईत, टपोऱ्या अक्षरात. केसांच्या डब्यावर 'आळशी – केस'. सासूबाईंच्या डब्यावर 'आळशी – आई'. कृतीचा कागद फ्रिजवर चुंबकानं लावला. तोही सुवाच्य, शुद्ध, विरामचिन्हांसकट:

'आळशी सकाळीच भिजत घालावी. मग उकळत्या पाण्यात सोडून सारखी ढवळावी. एकदा बसली की हलत नाही. अंगातला सगळा चिकटपणा बाहेर पडेपर्यंत सोडू नये. गरम असतानाच फडक्यात बांधून पिळावी. उरलेली घराबाहेर टाकावी.'

कागद लावून दोन पावलं मागे सरून तिनं वाचला. एकही चूक नव्हती!

केसांचा डबा पातेल्यात रिकामा केला, धुऊन पालथा घातला आणि भिजलेल्या बिया गॅसवर चढवल्या. आणि नेमकी त्याच वेळी भिंगरीनं लंगोट भरला. लंगोट बदलला तर भिंगरी सुटून पलंगाखाली. पलंगाखालून काढली तर तिच्या मुठीत कसलंसं बटण. बटण कोणाचं, अजून एक पोटात तर गेलं नाही ना, ही चौकशी संपेपर्यंत दहा मिनिटांचा अर्धा तास झाला.

परत येऊन तिनं झारा उचलला. झाऱ्याबरोबर पातेलंही वर आलं!

व्हिडिओतल्या बाईचं कसं अंड्यातल्या पांढऱ्यासारखं सुळकन ओघळत होतं. इथे पातेल्यात एक प्राणी बसला होता आणि उठायची त्याची इच्छा नव्हती. गाळणीत ओतलं तर गाळणी बुजली. मोठ्या चाळणीत ओतलं तर चाळणीला खाली दाढी फुटली आणि ती तशीच लोंबत राहिली, ना तुटेना ना पडेना. पुसायला घेतलेलं फडकं ओट्याला चिकटलं.

"ही बाई खोटारडी आहे!" ती व्हिडिओवर ओरडली. "तुझ्या घरात मूल आहे का गं? आहे का?"

बाई हसत हसत केस उडवत राहिली.

पिळायला स्वच्छ कापड हवं होतं. भिंगरीच्या कृपेनं घरातलं प्रत्येक कापड ओलं नाहीतर पिवळं झालेलं. दोरीवर फक्त नवऱ्याचा मोजा होता. नवा, धुतलेला, लांब. तिनं त्यात तो प्राणी भरला, तोंडाला गाठ मारली आणि सगळं बळ लावून पिळला.

काही झालं नाही. आणखी पिळला. मग मात्र अंगठ्याकडून एक चिळकांडी अशी सुटली की आधी छताला, मग पंख्याला आणि शेवटी आत डोकावणाऱ्या नवऱ्याच्या चष्म्याला लागली.

"हा माझा मोजा आहे?" चष्म्याआडून काही न दिसताही त्यानं ओळखलं.

"होता."

"नवा होता!"

"म्हणून तर घेतला! जुना मोजा डोक्याला लावू का मी?"

तो चष्मा धुवायला गेला. वाटीभर तरी निघालं होतं, तेवढं घेऊन ती न्हाणीघरात शिरली आणि दार लावून घेतलं.

त्या पंधरा मिनिटांत बाहेर काय घडलं ते तिला मागाहून कळलं, पण आपण आत्ताच बघून घेऊ. सासूबाई आपलं चमचाभर जवस घ्यायला स्वयंपाकघरात आल्या. डब्यावरची चिठ्ठी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग नजर फ्रिजवर गेली. कागद काढून घेऊन त्या गॅलरीत गेल्या आणि त्यांनी लेकीला फोन लावला.

"ऐक. 'आळशी, आई.' तांबड्या शाईत! डब्यावर!"

"डब्यावर कशाला लिहील ती?" नणंदबाई चक्रावल्या.

"मला रोज दिसावं म्हणून! पुढे ऐक, सगळा कागदच लिहिलाय माझ्यावर. 'एकदा बसली की हलत नाही.' माझे गुडघे दिसत नाहीत हिला?"

"आई गं! आणखी काय?"

"'गरम असतानाच फडक्यात बांधून पिळावी.'"

"कोणाला?"

"मला! दुसरं कोण आहे इथे? आणि 'उरलेली घराबाहेर टाकावी'!"

"आई," नणंदबाई म्हणाल्या, "तू आत्ताच्या आत्ता बॅग भर."

ती न्हाणीघरातून बाहेर आली तेव्हा पंख्याचा, मोज्याचा, सगळ्याचा तिला विसर पडला होता. कारण केस बसले होते! एकेक बट गोल, मऊ, चकचकीत. हे रूप सासूबाईंना दाखवावं म्हणून ती त्यांच्या खोलीत धावली, तर सासूबाई बॅगेत कपडे भरत होत्या.

सोमवारी भिंगरीला सांभाळणार कोण? त्यांच्याच भरवशावर तर साहेबांना हो म्हटलं होतं! पातेलं, हां, पातेलंच! सासूबाईंचं दुधाचं पातेलं आपण न विचारता घेतलं, त्याचाच हा राग.

"आई, असं मनावर घेऊ नका ना. आळशीमुळे झालं सगळं."

"वा! आता तोंडावर बोलायला लागलीस?"

"मग काय, पाठीमागे बोलू? आळशी एवढी चिवट असेल असं मला काय ठाऊक!"

"चिवट!"

"घासून काढते मी. एकदा वाळली की आपोआप सुटते म्हणे."

सासूबाईंनी हातातला टॉवेल बॅगेत आपटला. "वाळेन हो, वाळेन! तू नको काळजी करूस!"

"अहो, पण आळशी घरात हवीच, हे तर डॉक्टरच म्हणाले! तुमच्यासाठीच आणली ना मी? नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानात हवी तेवढी मिळते. किलोनं!"

सासूबाई अंगानं चांगल्या भरलेल्या होत्या. 'किलोनं' हा शब्द त्यांना जिथे लागायचा तिथे लागला. त्यांनी बॅगेची चेन ओढली. चेन निम्म्यात अडकली, तेव्हा त्या बॅगेवरही चिडल्या.

एवढ्यात नवरा हातात फोन धरून आला. फोनमधून नणंदबाईंचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू येत होता. "विचार तिला! विचार, आईला फडक्यात बांधायचं म्हणजे काय!"

"तू आईला आळशी म्हणालीस?" त्यानं विचारलं.

"मी? आईंना? कधी?"

"लेखी आहे," सासूबाई म्हणाल्या आणि कागद तिच्यापुढे नाचवला.

तिनं कागद घेतला. आपलंच अक्षर, शुद्ध आणि सुवाच्य. पहिलं वाक्य वाचलं. दुसरं वाचलं. 'बांधून पिळावी'पर्यंत आली आणि तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"अहो आई! आळशी म्हणजे जवस हो!"

"जवसाला जवस म्हणतात!"

"आमच्याकडे आळशी म्हणतात!"

"अळशी म्हणतात, आधी ऱ्हस्व अ," नवरा म्हणाला. "तुझा काना जास्त झालाय."

एवढा वेळ ती गरीब होती. पण लोकांच्या कान्यामात्र्यांवर जिनं पोट भरलं, तिचा काना काढणारा हा कोण? मोज्यापासून साठत आलेला सगळा राग एकदम वर आला. ती तरातरा बाहेरच्या खोलीत गेली, फळीवरून जाडजूड शब्दकोश ओढून काढला आणि परत येऊन सासूबाईंच्या पलंगावर धाडकन टाकला.

"हे बघ! अळशी किंवा आळशी! दोन्ही! दोन्ही चालतात! चूक नाही माझी!"

"अगं, चुकीचा प्रश्नच नाहीये..."

"आहे! माझा अर्धा वेळ ह्या कार्टीच्या मागे जातो, अर्धा त्या खोटारड्या बाईच्या नादी लागून गेला, पण शब्द मी चुकीचा लिहीत नाही!"

"घराबाहेर टाकावी म्हणजे?" फोनमधून नणंदबाई.

"कुंडीत, ताई! कुंडीत! खत होतं त्याचं!"

"हं," नणंदबाई म्हणाल्या आणि कुकर झाल्याचं सांगून त्यांनी फोन ठेवून दिला.

सासूबाई मात्र निवळल्या नाहीत. अडकलेल्या चेनशी चाळा करत बसून राहिल्या.

"आई, आता कळलं ना? मग बॅग कशाला?"

"आळशीचं कळलं," त्या म्हणाल्या. "पण सोमवारपासून ह्या पोरीला मी सांभाळणार, हे कोणी ठरवलं?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं.

"साहेबांना विचारलंत. डॉक्टरांना विचारलंत. खालच्या शेजारणीला सुद्धा विचारलंत, दुपारी तुमच्याकडे आवाज होतो का म्हणून. मला तेवढं कोणी विचारलं नाही. घरात डबा असतो तशी मी आहेच, असं धरूनच चाललात." त्यांनी चेनला पुन्हा एक झटका दिला. "त्यात त्या डब्यावर तसलं वाचलं. मग वाटलं, बरोबरच आहे."

भिंगरी रांगत आली आणि आजीच्या पायाला धरून उभी राहिली.

खरंच विचारलं नव्हतं. एका चुकलेल्या अनुस्वारासाठी लेखकाला तीनदा फोन करणारी ती, पण हे विचारायचं तिच्याकडून राहून गेलं होतं. ती पलंगाशी खाली बसली.

"आई, सोमवारपासून भिंगरीला सांभाळाल?"

"विचार करून सांगते," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी विचार केला. भिंगरीला उचलून मांडीवर घेईपर्यंत केला. मग म्हणाल्या, "दुपारी दोन ते चार मी आडवी होणार. ही झोपो न झोपो. आणि त्याला तुझ्या कोशात जे काय म्हणत असतील, ते खुशाल म्हण!"

सोमवारी सकाळी नऊला ती तयार होती. केस व्हिडिओतल्या बाईनं पाहून मान खाली घालावी असे. शनिवारपासून तिनं फक्त एकाच गोष्टीची तयारी केली होती: भिंगरीच्या रडण्याची. लेक आकांत करेल, हात पसरेल, आजीच्या कडेवरून झेपावेल. मग आपण काय म्हणायचं, किती वेळ थांबायचं, मागे वळायचं की नाही. सगळं मनात घोकून ठेवलं होतं.

"येते हं, सोनू," ती म्हणाली.

भिंगरीनं तिच्याकडे पाहिलं, हात हलवला आणि आजीच्या चष्म्याकडे वळली.

दार बंद झालं. ती बाहेर थांबली. आता रडेल. आता. तिनं दाराला कान लावला. आत सासूबाई माकडासारखा आवाज काढत होत्या आणि भिंगरी खदखदून हसत होती!

खालच्या शेजारीणबाई पिशवी घेऊन जिना चढत होत्या. स्वतःच्याच दाराला कान लावून उभी असलेली बाई बघून त्या थबकल्या.

"अगं, काय झालं? कोणी रडतंय का आत?"

"नाही ना!" ती संतापून म्हणाली. "कोणीसुद्धा रडत नाहीये!"

आणि बाहीनं डोळे पुसत ती तरातरा जिना उतरून गेली.